घोडीकडे पाठ करून बसलेले अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात होते. नवरा एवढंच म्हणाला, "मीनल, अण्णा..." पुढचं त्याला बोलवेना आणि मलाही ऐकायची गरज पडली नाही. त्याला आता महिना होऊन गेला. सासऱ्यांशी माझं सूत जुळलं ते घोड्यांमुळे, हे सांगितलं तर घरचे अजून हसतात, कारण मी गल्लीतल्या कुत्र्यालाही वळसा घालून जाणारी.

अण्णा घोड्यांचे डॉक्टर. उमेदीची वर्षं त्यांनी पुण्यापलीकडच्या एका जुन्या स्टड फार्मवर काढली आणि निवृत्तीनंतर आमच्यापासून बसच्या अंतरावर, वाशीच्या फ्लॅटमध्ये आले. आम्ही तेव्हा मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. संस्थेने दोन वर्षांच्या जुईचा फोटो दाखवला होता आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. सगळे कौतुक करत होते आणि मी आतून पार घाबरले होते. ती माझ्याकडे आलीच नाही तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, मलाच तिची माया वाटली नाही तर? हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. शनिवारी अण्णा म्हणाले, "फार्मवरून बोलावणं आलंय. एक रात्र राहून येऊ. चल तू पण, तेवढाच बदल."

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. लांबच लांब दगडी पागा, माझ्या पणजोबांच्याही आधीची, जाड सागवानी दारांची. तेवढ्यात कुरणातून घोड्या परतल्या. कुणी हाकत नव्हतं. एवढी थोरली, तांबूस, तुकतुकीत जनावरं एकामागून एक आली आणि आपापल्या दारात बरोब्बर वळली. पायाखालची जमीन थरथरत होती. मी तोंड उघडं टाकून उभी. इतकं देखणं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अण्णांना बोलावलं होतं ते मात्र वेगळ्याच कामाला. एक शिंगरू जन्मताच आईवेगळं झालं होतं आणि दुसऱ्या एका घोडीचं पिल्लू मेलं होतं. त्या दोघांची गाठ घालायची होती. घोडीला ओळखीचा वास यावा म्हणून मेलेल्या पिल्लाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं पागेतल्या मोतद्दारांनी या शिंगराला चोळलं होतं, पण घोडी कान मागे टाकून दात दाखवत होती. तिला धरून ठेवायला माणसांची झटापट चाललेली. अण्णांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दोघांच्या मधे लाकडी अडसर घालायला लावला आणि दारात स्टूल टाकून घोडीकडे पाठ करून बसले.

"अण्णा, तिच्याकडे बघणार नाही का तुम्ही?"

"नाही गं. बघत राहिलं की तिला वाटतं, आपली परीक्षा चाललीय. ती दोघं बघून घेतील त्यांचं. आपण दारात असलो की झालं."

उजाडताच मी पागेकडे धावले. अडसर काढलेला होता. शिंगरू घोडीला लुचत होतं, इवली शेपटी हलवत, आणि ती त्याच्या पाठीवरून नाक फिरवत होती. अण्णा तसेच, पाठ करून. मला एकदम रडू फुटलं. त्यांनी दोन चहा सांगितले. सोमवारी मी संस्थेला हो कळवलं.

जुई घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. आम्ही खेळणी घेऊन तिच्याभोवती कोंडाळं करायचो. अण्णा रोज वाशीहून बसने यायचे, "गर्दी कमी करा रे जरा," म्हणायचे आणि मटाराची पिशवी घेऊन खोलीच्या दारात बसायचे, आमच्याकडे पाठ. नवरा वैतागायचा, "अण्णा, जायला-यायला जागा ठेवा ना!" ते आपले मटार सोलत राहायचे. एका दुपारी जुई उठली आणि सरळ माझ्या मांडीत येऊन बसली. अण्णांनी वळून पाहिलं नाही... पण त्यांचे हात थांबले होते.

जुई आता शाळेत जाते. परवा वाशीच्या घरी अण्णांचे कपडे आवरायला बसले आणि मला हुंदका आवरेना. दाराशी जुई उभी होती. वाटलं, आता घाबरेल, नाहीतर येऊन गळ्यात पडेल. तिने काहीच केलं नाही. दारातच खाली बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि माझं रडून होईपर्यंत तिथून हलली नाही.