टीव्हीत न मरणारा राधाकिशन

बोरीच्या राधाकिशनला टीव्हीवाल्यांनी काय काय केलं नाही! फौजदार केलं, कंपाउंडर केलं, सावकार केलं, पुजारी केलं, एकदा तर नवरीचा खडूस आजाही केलं. तीस वर्षं मुंबईत खोली करून राहिला गडी. नायक कधी झाला नाही, पण पडद्यावर आला की लोक म्हणायचे, "अरे, हा त्या दुसऱ्या मालिकेत नव्हता का?" सगळं केलं बघा. मरणं तेवढं एकदा सोडून पुन्हा केलं नाही.

त्याचं कारण त्याची बायको, छबूबाई. ती शेत बघत बोरीतच राहिली. पहिल्याच मालिकेत राधाकिशनला साप चावला, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला हार! छबूबाई शेजारच्या रेणुकाकडं टीव्ही बघत बसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं जो हंबरडा फोडला म्हणता! "अगं, खोटं हाय गं," म्हणून बायांनी लय समजावलं. पण जित्या नवऱ्याच्या फोटोला हार, असला अपशकुन कोणत्या बाईला सोसावा? तिनं अन्नपाणी सोडलं. राधाकिशन मिळेल त्या गाडीनं परभणीला उतरला, घर गाठलं आणि तिची शपथ घेतली, "छबू, पुन्यांदा टीव्हीत मरायचा न्हाई."

आता मालिकेतला काका-मामा म्हणजे मरायलाच घेतलेला माणूस, हे कुणाला ठाऊक नाही? मग राधाकिशन दिग्दर्शकाच्या हातापाया पडायचा. मग मालिकेत तो मरायच्या ऐवजी कधी काशीला जायचा, कधी पोराकडं दुबईला; एकदा तर दळण आणायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. गाव चेष्टा करायचं, "काय राव, ह्या बारीला कुठं धाडलं?" छबूबाईला मात्र हायसं वाटायचं.

यंदा दिवाळीला तो घरी आला होता. आंघोळीला गेला आणि इकडं त्याचा फोन वाजला. छबूबाईनं उचलला. मनिषा नावाची दिग्दर्शिका होती.

"काकू, तुम्हीच समजवा हो काकांना. अख्खी मालिका त्यांच्यावर लिहिलीय. शेवटी मरण आहे म्हणून नको म्हणतात. आधीही असंच एक मोठं काम सोडलं त्यांनी. आता नाही म्हणाले तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

छबूबाईनं फोन ठेवला. आपलं कुंकू आपण जपलं, आणि त्याची किंमत हा माणूस मुकाट्यानं मोजत राहिला? राधाकिशन डोकं पुसत बाहेर आला. केस सगळे पांढरे झालेले.

"मनिषाबाईचा फोन व्हता. मला का सांगितलं न्हाई?"

"सांगून काय करू? तुझी शपथ व्हती."

"सुटली म्हणा."

"छबू, उगं काहीतरी..."

"सुटली म्हणा आधी! दुसऱ्याच्या लग्नात मागं उभं राहून जन्म गेला तुमचा. जावा, मरा एकदाचे. अन् असं मरा की बघणाऱ्याला घास जाऊ नये."

शेवटचा भाग लागला तेव्हा तो मुद्दाम गावाकडं आला, तिच्याजवळ बसला. रेणुकाही आलेली. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं लेकीच्या हातून घोटभर पाणी पिलं, दाराकडं बघितलं आणि गेला. बास, एवढंच. रेणुका तर जिता राधाकिशन शेजारी बसलेला असताना ढसाढसा रडायला लागली. छबूबाई रडली नाही. तिनं त्याचं मनगट गच्च धरलं होतं. पडद्यावरच्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो आला, तरी तिनं नजर हटवली नाही.

"लय चांगलं काम केलंत," ती म्हणाली. "पण एक ऐकून ठेवा. खऱ्याची बारी येईल तवा आधी मी जाणार. मला हे पुन्यांदा बघायचं न्हाई."

राधाकिशन काहीतरी बोलायला गेला आणि त्याचं तोंडच वाकडं झालं. नाक वाहायला लागलं, खांदे हलायला लागले.

"अगं बाई," रेणुका डोळे पुसत म्हणाली, "हे खरं रडायलेत का अॅक्टिंग करायलेत?"

"खरंच हाय गं," छबूबाई पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली. "टीव्हीत ते इतकं वाईट न्हाई रडत."