खिडकीची फट

सरकत्या खिडक्या बसवणारा आज मापं घेऊन गेला. "काका, बाहेरचा आवाज अजिबात येणार नाही," तो म्हणाला. मी तक्रार केली होती ती धुळीची आणि पावसाच्या झडीची. तरी मनातून सुखावलो.

समोरच्या घरातले वसंतराव रोज सकाळी पेटी घेऊन गायला बसतात. त्यांचा सूर लागला की कणीक मळणाऱ्या आमच्या हिचा हात थांबतो. माझ्या बोलण्यावर तो कधी थांबल्याचं आठवत नाही.

एका पावसाळ्यात खिडकी फुगून मिटेना, तेव्हा सुतार म्हणाला होता, "लाकूड वाळू द्या." मला दम नव्हता. ओल्या लाकडावरच रंधा मारून घेतला. उन्हाळ्यात लाकूड आटलं आणि बोटभर फट राहिली. गाणं अडवायला गेलो आणि त्याला कायमची वाट करून दिली. हिला मात्र सुतारच कच्चा होता, असं सांगत आलो.

आज संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. ही पोळी लाटता लाटता हसली. "अहो, माहीत आहे मला. ते गायला लागले की तुम्ही कपबशी आपटता. ती फुटली का, हे ऐकायला थांबते मी."

खिडक्या बदलायचं तूर्त राहू दिलंय. बंद काचेआड ही मनात काय ऐकत असेल, याचाच मी विचार करत बसलो असतो. उद्या सकाळी कपबशी अगदी अलगद ठेवणार आहे, आणि हिच्या हाताकडे बघणार आहे.