वकील न करता घेतलेलं घर

इंग्रजी अमदानीत आमच्या बऱ्हाणपुरात भल्या माणसानं वकिलाचा जिना चढणं म्हणजे घरात भांडण लागल्याची दवंडीच. वडील शाळेत मास्तर. जैनाबादहून रोज तापी ओलांडून यायचे आणि पावसाळ्यात नाव बंद झाली की अडकून पडायचे. म्हणून शहरात घर ठरवलं. पंचांसमोर गूळ वाटला, रजिस्ट्रीही केली. वकील तेवढा केला नाही.

"एकदा विचारून तर बघा," आई रजिस्ट्रीच्या आधी म्हणाली होती.

"इकनारा मानूस वळखीचा हाये. वकील आनला तं त्याले काय वाटंल?" वडील म्हणाले. त्यांच्या या भिडस्तपणाचा मला अजून राग येतो.

घर पाहायलाही ते एकटेच गेले. परक्या घरात बायकांच्या खोलीकडे पुरुषानं जायचं नाही, म्हणून ओसरी अन् माजघर बघून परतले. आईला सोबत न्यावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सामानाची बैलगाडी दाराशी लागली तेव्हा घरातून धूर येत होता. आतल्या खोलीत मोकळ्या कपाळाची एक बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. ती विकणाऱ्याच्या थोरल्या भावाची विधवा निघाली. पंचांना ती चांगली ठाऊक होती. "मास्तरले मालूम असंल असं वाटलं," ते म्हणाले. धन्य ते पंच!

वडील तसेच वकिलाकडे धावले. मीही त्यांच्या मागे गेले.

"विधवेला नवऱ्याच्या घरात राहायचा हक्क असतो, गुरुजी," वकील म्हणाला. "तिला बाहेर काढणं सोपं नाही. आधी आला असता तर मी पहिल्यांदा एवढंच विचारलं असतं, घरात कोण कोण राहतं?"

एवढा साधा प्रश्न, आणि तो आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता! जैनाबादचं घर तर आम्ही सोडून आलो होतो.

परतलो तेव्हा तिनं आमच्याही भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. भाडेकरू येणार आहेत, असं दिरानं तिला सांगितलं होतं. आईनं अडखळत खरं काय ते सांगितलं. बाईनं हातातली भाकरीची टोपली खाली ठेवली.

"घर इकलं?" तिनं वडिलांना विचारलं. "मले धरून, का मले सोडून?"