केंद्र कुठलं ते विचारलंच नाय

त्या सकाळी शाळेच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, कोण कोण होतं ते आधी सांगते. आमच्या मॅडम. शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष बाळा आणि त्याची तिसरीतली मनाली. मोहल्ल्यातली सलमाभाभी. वाडीतले आया-बापे, सगळी पोरं. आणि मी, शेवंती. शाळेत खिचडी शिजवते. डाळीचं पातेलं माझ्या हातात, आणि शाळेच्या दाराला टाळं.

मी हबकलेच. इतकी वर्षं शिजवतेय, शाळेच्या दिवशी टाळं कधी बघितलं नव्हतं.

"कुणी लावलंन रे हे?"

"मी," बाळा बोलला. "शाळा बंदच करायची हाय ना यांना? मग आम्हीच करतो."

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "कोण बंद करतंय शाळा?"

"तुम्ही!"

झालं होतं असं. मॅडम वाड्यावाड्यांतल्या आयांना जमवत होत्या. शाळा पोरांच्या कलाने चालली पाहिजे, त्यासाठी सगळ्यांनी मिळून उठायचं, ही त्यांची चळवळ. आदल्या दिवशी मीटिंगमध्ये त्या बोलल्या, "शिक्षण बालकेंद्री पाहिजे. आपली मुलं केंद्रस्थानी आली पाहिजेत. पटतंय त्यांनी हात वर करा." आम्ही केले. मीपण. वर टाळ्या वाजवल्या.

पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना सलमाभाभीने विचारलंन, "केंद्रस्थानी म्हणजे गो कुठं?"

आता आमच्याकडे केंद्र एकच. बारक्या शाळांवर एक मोठी शाळा असते, तिला केंद्रशाळा बोलतात. आमची नदीपलीकडे. पोरं कमी झाली की बारकी शाळा बंद करून पोरं तिकडे धाडतात, असं आम्ही ऐकून होतो. नदीवर लाकडाचा साकव. पावसात वाहून जातो. माझी सुली पाचवीला तिकडेच जायची. एका पावसाळ्यात साकव गेला तो दिवाळीनंतर बांधला. तोवर सुली लांज्याला काजू फोडायला लागली होती. शाळा तिथंच संपली.

तर दिवे लागेपर्यंत वाडीभर झालं, मॅडमनी आमच्याकडनं हात वर करून घेतले आणि पोरं केंद्राला दिली.

"पोरांना केंद्रात न्यायचं, बोललात की नाय?" बाळाने विचारलंन.

"हो, बोलले. आजपण बोलते."

"ऐका! तोंडावर सांगतायत!"

सलमाभाभी पुढे आली. "आणि साकव गेला तर? पोरं काय उडत जाणार?"

"कुठला साकव?"

"या अल्ला! साकव माहीत नाय आणि पोरं न्यायला निघाल्यात!"

एकच गलका. मनाली बापाचा शर्ट ओढत होती. "बाबा, टाळं काढ."

"गप गो."

"काढ ना! आत बालदीत कुर्ली हाय. पाणी नाय बदललं तर मरेल ती."

कुर्ली म्हणजे खेकडा. पोरांनी व्हाळाच्या पाण्यातून आणलेली. तिने अंगावरचं कवच टाकलंन होतं. नवं कधी कडक होतं, ते पोरांना बघायचं होतं. म्हणून मॅडमनी धडा बाजूला ठेवून तेच शिकवायला घेतलं होतं.

"शाळेत कुर्ली?" बाळा बोलला. "कालवणाला काय?"

कुणी हसलं नाय. मनाली रडायला लागली होती. बाळाने टाळं काढलंन.

सगळे आत घुसले. कुर्ली जिवंत होती. मनालीने पाणी बदललंन. बाळाने बोट पुढे केलंन.

"हात नको लावू, अजून नरम हाय. गप उभा राहा," मनालीने बापाला दटावलंन.

बाळा गप उभा राहिला. टाळ्याचा बसला नव्हता एवढा धक्का मला तेव्हा बसला. आमच्या गावात बाळाला गप करणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

बालदीभोवती पोरं, पोरांभोवती आम्ही. साकवाचं कोडं मॅडमना आता उलगडलं होतं. त्यांनी पोरांकडे बोट दाखवलं. "हे केंद्र. नदीपलीकडे कुणी जात नाय."

"मग असं सरळ सांगायचं ना, मॅडम!" सलमाभाभी बोलली.

चळवळ चालू हाय. आता बाजूच्या वाड्यांतल्या आयापण येतात. मॅडम केंद्र हा शब्द तोंडातून काढत नायत. शाळा मात्र राहील की जाईल, ते ना त्यांच्या हातात ना आमच्या. तो कागद वरनं येतो.

वाचणाऱ्याला एकच सांगणं. शाळेचं काय ठरवायचं असेल तर पोरांना आत घेऊन ठरवा. खळ्यात उभी ठेवून नको.