साठ मतं आणि अठरा दिवस

गुरुनाथ वऱ्हाडपांडे हा माणूस नागपूरचा, आणि नागपूरच्या माणसाला पुढारी म्हणजे काय चीज असते हे शिकवावं लागत नाही. दर डिसेंबरात अधिवेशन दारात येऊन बसतं. दोन आठवडे लाल दिव्यांच्या गाड्या, मोर्चे, बंद केलेले रस्ते, आणि मग हुरड्याच्या पार्ट्या झोडून सगळी मंडळी मुंबईला परत. प्रश्न जिथले तिथे! गुरुनाथचं अर्धं आयुष्य हे बघण्यात गेलं होतं. म्हणून २००१ साली बायको सुवर्णाला आणि मुलगी इशिताला घेऊन तो टेक्सासातल्या अर्विंगला आला, तेव्हा त्याला मनापासून वाटलं की सुटलो बुवा एकदाचे. इथं सभागृहात कुणी माईक उपटत नाही. शंभर सेनेटर कोट-टाय घालून येतात आणि एकमेकांना सन्माननीय मित्र म्हणतात. कोट-टाय घालूनसुद्धा काडीचं काम न करता राहता येतं, हे त्याला कळायला पुढची सहा वर्षं लागली.

नोकरी एका विमा कंपनीत, जुन्या मेनफ्रेमवर. कामात चोख, बोलण्यात मऊ, डब्यात रोज पोळी-भाजी. कंपनीनं २००३च्या ऑक्टोबरात त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला आणि तिथून भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. पहिला कागदच तीन वर्षं कुठल्याशा कचेरीत धूळ खात होता. तो सुटला तर पुढं देशवार रांग, आणि भारताची रांग तर विचारायलाच नको. दर वर्षी द्यायच्या कार्डांची संख्या कायद्यानं बांधलेली, आणि तो कायदा बदलायचा कुणी, तर त्या कोट-टायवाल्यांनी.

स्वतःसाठी गुरुनाथ जन्मभर रांगेत उभा राहिला असता. त्याचा जीव टांगलेला होता तो इशितासाठी. नियम सरळ होता आणि निर्दय होता. मुलगी एकवीस वर्षांची व्हायच्या आत बापाचा नंबर लागला, तर ती आईबापांबरोबर आत. एकवीस पूर्ण झाली, की बापाच्या अर्जातून तिचं नाव बाद. मग तिनं तिचं बघावं: स्टुडंट व्हिसा, मग नोकरी मिळाली तर नोकरीचा व्हिसा, मग स्वतःची रांग, अगदी शेवटून. नाही जमलं तर परत जा. कुठं परत? दहावी करून आलेली पोर ती, आता फार्मसीला जायची स्वप्नं बघत होती आणि झोपेत बडबडली तरी इंग्लिशमध्ये बडबडायची.

पासपोर्टप्रमाणे इशिताची एकविशी २४ मे २००७ला पूर्ण होत होती. गुरुनाथनं ती तारीख कुठं लिहून ठेवली नव्हती, आणि गरजही नव्हती.

तेव्हा त्यानं फोन करायला सुरुवात केली. लंच अवरला पार्किंग लॉटमध्ये जायचं, कोरोलात बसून एसी लावायचा, डबा मांडीवर घ्यायचा आणि वॉशिंग्टनला फोन लावायचा. टेक्सासचे दोन सेनेटर, आपल्या भागाचा एक काँग्रेसमन, आणि व्हिसाचे कायदे बघणाऱ्या समितीवर असतील तेवढे बाकीचे. पलीकडून कुणीतरी गोड आवाजात झिप कोड विचारायचं, म्हणणं ऐकून घ्यायचं, साहेबांच्या कानावर घालते म्हणायचं. पहिल्या फोनला गुरुनाथनं प्रामाणिकपणे सांगून टाकलं की मी इथला मतदार नाही, व्हिसावर आहे. बाईचा आवाज तितकाच गोड राहिला, फक्त फोन लवकर संपला. शेजारच्या अपार्टमेंटमधल्या मोरेश्वरनं त्यावर त्याला वेड्यात काढलं. अरे यार, झिप कोड सांगायचा आणि गप्प बसायचं, तुझं मत कोण मोजायला येतंय! पण गुरुनाथला ते जमेना. दर वेळी तो सांगायचाच, आणि दर वेळी फोन लवकर संपायचा.

२००६च्या मे महिन्यात सेनेटनं कार्डांची संख्या वाढवणारं विधेयक पास केलं. गुरुनाथनं ऑफिसात पेढे वाटले, म्हणजे इंडियन ग्रोसरीतला फ्रोझन डबा आणून वाटला, आणि गोऱ्या सहकाऱ्यांना समजावून सांगितलं की आता फक्त दुसऱ्या सभागृहाचं बाकी आहे. दुसऱ्या सभागृहानं त्या विधेयकाकडे ढुंकून पाहिलं नाही. चर्चा नाही, मतदान नाही, विरोधसुद्धा नाही. उन्हाळा गेला, निवडणूक आली, ज्याला त्याला आपली खुर्ची प्यारी. विरोध झाला असता तर माणूस भांडला तरी असता. नुसतं न करण्याशी कसं भांडायचं? त्या काळात गुरुनाथ संसदेचं चॅनल लावून बसायचा आणि रिकाम्या सभागृहात एकटाच भाषण ठोकणारा सेनेटर तासतासभर बघायचा. सुवर्णा म्हणायची, अहो, तो कुणाशी बोलतोय? तिच्या या साध्या प्रश्नाचं उत्तर त्या चॅनलवर कुणालाच देता आलं नसतं.

मग २००७चा मे आला. इशितानं कॉलेजातून आधीच स्टुडंट व्हिसाची सोय करून घेतली होती, त्यामुळे ती लगेच रस्त्यावर येणार नव्हती. २४ मे इतर दिवसांसारखाच गेला. तसाही त्या घरात मे महिन्यात वाढदिवस कधीच झाला नव्हता. इशिता खरी जन्मली २४ ऑगस्टला. कागदोपत्री मे कसा लागला, तर नोंदणीच्या कारकुनानं महिना चुकवला, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. घरात तो एक गमतीचा विषय होता. मैत्रिणी मेमध्ये विश करायच्या, आई ऑगस्टात ओवाळायची.

तरी आशा किती चिवट! सेनेटमध्ये नवं विधेयक आलं होतं. त्यात वेडंवाकडं बरंच होतं, आणि गुरुनाथसारख्यांचं भलं होणार की वाटोळं याबद्दल वकिलांचंही एकमत नव्हतं. पण मोरेश्वरला कुणीतरी सांगितलं होतं, की विधेयक पुढं सरकलं तर एकविशी उलटलेल्या मुलांसाठी दुरुस्ती घालून घेता येईल. तेवढ्या एका वाक्यावर गुरुनाथ महिनाभर जगला. २८ जूनला त्यानं हाफ डे टाकला. सोफ्याच्या कडेला बसून, सेनेटरांच्या नावांची यादी मांडीवर घेऊन, एकेक नाव पुकारलं जाईल तशी खूण करत गेला. चर्चा थांबवून मतदानाला जाण्यासाठी साठ मतं लागत होती. पडली सेहेचाळीस. म्हणजे विधेयक हरलंसुद्धा नाही, त्यावर मतदान घ्यायचं की नाही याच मतदानात ते मेलं. गुरुनाथनं यादीची घडी घातली आणि सुवर्णाला म्हणाला, आपल्याकडचे बरे गं, निदान खुर्च्या तरी फेकतात. ती हसली नाही.

आणि इथं देवाला काय सुचलं कोण जाणे. संसदेचा काहीएक संबंध नसताना, कचेरीतल्या कचेरीत हिशेब लावून, जुलैपासून रांगेतल्या सगळ्यांनी अर्ज भरा असा फतवा निघाला. दोन तारखेला तो मागे घेतला. सतराला परत दिला. मुदत सतरा ऑगस्टपर्यंत. अर्विंगमधल्या त्या अपार्टमेंट्समध्ये नुसती पळापळ! डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटी, लशी, टीबीच्या टेस्टा, फोटोवाल्याकडे रांगा, भारतातून जन्माचे दाखले कुरिअरनं. मोरेश्वरनं तर डॉक्टर मिळेना म्हणून दोनशे मैल ड्राइव्ह केलं. गुरुनाथनं तिघांचे फोटो काढले, तिघांच्या दंडांवर सुया टोचून घेतल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा तो घरात शीळ घालत फिरताना दिसला. एकविशी मेमध्ये उलटली खरी, पण एका सवलतीबद्दल त्यानं वाचलं होतं. अर्ज सरकारकडे जितके दिवस पडून राहिला, तितके दिवस मुलीच्या वयातून वजा होतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वकीलबाईंनी दोघा नवराबायकोला बोलावलं. बाई कोरडी पण खरी होती. तिनं कॅलेंडर पुढं ओढून गणित मांडलं. एकविशी २४ मेला, रांग खुली झाली १ जुलैला, मध्ये अडतीस दिवस. सवलतीत पहिल्या कागदाची तीन वर्षं धरत नाहीत, त्यानंतरचा कागद पडून राहिला तेवढेच दिवस धरतात, आणि ते भरतात वीस. अठरा दिवस कमी पडतात. इशिताचं नाव अर्जात घालता येणार नाही.

गुरुनाथला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय. मग एकदम त्याच्या जिवात जीव आला आणि तो बोलत सुटला. ही तारीखच खोटी आहे, मुलगी ऑगस्टची आहे, १ जुलैला ती विसाचीच होती, ज्या नर्सिंग होममध्ये जन्मली तिथलं रजिस्टर मिळेल, सुईण अजून जिवंत आहे, मी आजच फोन करतो. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: ही चूक कुणी केली?

सुवर्णानं मान खाली घातली.

कारकुनानं कसली चूक केली होती! १९९१ सालची गोष्ट. शाळेत पहिलीच्या प्रवेशाला जूनअखेर पाच पूर्ण हवी होती, आणि इशिताला दोन महिने कमी पडत होते. एक वर्ष थांबा, म्हणाले शाळावाले. शेजारच्यांचा मुलगा आत गेला आणि आपली हुशार पोर वर्षभर घरी बसणार, हे गुरुनाथला सहन होईना. सुवर्णाच्या माहेरगावी, जिथं बाळंतपण झालं होतं, तिथला नगराध्यक्ष तिच्या मामाच्या ओळखीचा. गुरुनाथ सकाळच्या एसटीनं गेला. नगराध्यक्ष पोहे खात बसले होते. एका हातानं पोहे खात दुसऱ्या हातानं त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी खरडल्या. दुपारपर्यंत नवा दाखला तयार, ऑगस्टचा मे. येताना गुरुनाथनं संत्रा बर्फी आणली आणि आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला, की पुढारी असावा तर असा. काम म्हटलं की काम, उद्या या नाही की परवा या नाही.

हे सगळं त्यानं वकीलबाईंना सांगितलं. थोडक्यात, आणि इंग्लिशमध्ये, जिथं ते आणखीच वाईट ऐकू येतं. बाई म्हणाली, मग मी हे ऐकलंच नाही असं समजते. आज तुम्ही स्वतःहून म्हणालात की पासपोर्टातली तारीख मी बदलून घेतली, तर व्हिसापासूनचा तुमचा प्रत्येक कागद संशयात येतो. मुलगी आत येणार नाहीच, तुम्ही दोघंही बाहेर जाल, आणि तिचा स्टुडंट व्हिसाही जाईल.

फॉर्ममध्ये मुलांची माहिती लिहायचा एक रकाना होता. अर्जात नाव नसलं तरी माहिती द्यावी लागते. गुरुनाथनं इशिता लिहिलं, पुढं जन्मतारीख २४ मे १९८६ लिहिली, आणि खाली, वरील माहिती खरी आहे, यावर सही केली. अर्ज दोन नावांनी गेला.

२४ ऑगस्टला इशिता कॉलेजातून घरी आली. सुवर्णानं श्रीखंड केलं होतं, पाट मांडला, निरांजन लावलं. स्मोक अलार्म वाजेल म्हणून सवयीनं खिडकी उघडली. ओवाळून झालं. इशिता हातातल्या सुपारीशी खेळत सहज म्हणाली, म्हणजे मी आज एकवीसची झाले, फॉर रिअल. माझी राइट डेट असती तर मी बसले असते ना अर्जात? त्या क्लार्कचं नाव तरी काय होतं?

सुवर्णा स्वयंपाकघरात निघून गेली. गुरुनाथला वेळ मारून नेता आली असती. इतक्या वर्षांत इतक्या पुढाऱ्यांना वेळ मारून नेताना त्यानं पाहिलं होतं, ती कला काही अवघड नव्हती. पण पोरीकडे बघून त्याला ते होईना. त्यानं सांगितलं. शाळा, एसटी, नगराध्यक्ष, पोहे, बर्फीसुद्धा. कारकुनाचं काही चुकलं नव्हतं, तारीख मी बदलली, म्हणाला. तुझं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

इशिता चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या कपाळावर कुंकू होतं, अक्षता केसांत अडकल्या होत्या. हातातली सुपारी तिनं तबकात ठेवली. मग म्हणाली,

"मी थांबले असते की, बाबा. पाच वर्षांच्या मुलीला कुठली घाई असते?"

गेली चार वर्षं गुरुनाथ जगाला विचारत होता, अजून किती थांबायचं. झिप कोड सांगून, मतदार नाही हे सांगून, गोड आवाजाच्या बायकांना विचारत होता. इशितानं पाट उचलून भिंतीला लावला आणि आईला मदत करायला आत गेली.