गाण्यात वाजलेला आमचा माग

भूतबाधा, करणी, अंगात येणं... आयुष्यात मी कशावर विश्वास ठेवला नाही, आणि हे लिहून झाल्यावरही ठेवणार नाही. तरी लिहितेय, कारण घरात ऐकून घेणारं कुणी उरलं नाही. शाळा माझी चौथीपर्यंत, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सोलापुरात अशोक चौकाच्या मागे आमचं तेलुगू विणकराचं घर, आणि घराला लागूनच टॉवेलच्या यंत्रमागांची शेड. माझे यजमान माग चालवायचे, मी कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. त्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून कांड्या संपत आल्या की हे लोखंडी पान्यानं मागावर ठोकायचे. टक-टक... आणि जरा थांबून, टक. की मी टोपली घेऊन निघाले. जन्म गेला त्यात.

हे गेले. जाताना मुलाला, सीनूला, एवढंच म्हणाले, "बाकीचे वीक, माझा एक माग मोडू नको." नंतर मी मुलीकडे राहायला गेले, तेवढ्यात सीनूनं शेड रिकामी केली. म्हणाला, "अम्मा, नान्नांचा माग चालू स्थितीत दिलाय एकाला. विणायलेत लोक त्याच्यावर."

मग घर इतकं गप्प झालं की कान दुखायला लागले. भजनं लावली, मन लागेना. मुलीची मुलगी श्रावणी पुण्याहून आली होती, तिनं मोबाईलवर तिची गाणी लावली — इलेक्ट्रॉनिक. नुसती मशीन, धडधड धडधड. मी म्हटलं, राहू दे, हेच राहू दे. ती हसून लोळली. "अम्मम्मा, हे इंडी बँड आहेत. कुठल्या कंपनीचे नाहीत, घरात बसून आपलं आपण करतात."

म्हणजे आमच्यासारखेच की, घरात माग टाकून बसलेले. तेव्हापासून नवे नवे बँड शोधायचा नादच लागला. एक ऐकला की ॲप त्याच्या जातीचा दुसरा आणून देतं. शेजारची अंबुबाई म्हणते, "म्हातारीला डीजे लागलाय."

उन्हाळ्यातली दुपार होती, मी शेंगा फोडत बसले होते. ॲपनं नवीनच बँड लावला, कुठल्या तरी थंड देशातली दोन पोरं. अर्धं गाणं झालं आणि मागून — खट्... खटाक, खट्... खटाक. डावीकडचा मार जड. ह्यांनी तिथं जुन्या पट्ट्याचं चामडं बांधलं होतं, त्यामुळं आमचा माग असाच लंगडत चालायचा. आणि मग, टक-टक... टक.

मी उठले. शेंगा सांडल्या. शेडच्या दारापर्यंत गेले तेव्हा कळलं, हातात टोपली नाही आणि आत माग नाही.

संध्याकाळी सीनू आला. काही न सांगता त्याला ऐकवलं.

"हे काय ऐकायलीस अम्मा, डोकं दुखतंय—" आणि थांबला. "हा आपला माग हाय."

"मग? मी तेच म्हणते." मला आनंद झाला होता बघा. "तू ज्याला दिलास त्याच्या शेडमध्ये कुणी रेकॉर्ड केलं असणार. ठोकायची रीत पण शिकलाय की गडी. मला ने एकदा तितं."

"न्हाई अम्मा."

"लई लांब हाय का?"

तो खाली बघत होता. "भंगारात घातला मी त्याला. दारातून निघेना म्हणून गॅस कटरनं कापला, माझ्यासमोर. कोण विणणार त्याच्यावर?"

मोबाईल वाजतच होता. परत ठोके आले. सीनू चप्पल घालून निघून गेला.

श्रावणीनं त्या पोरांना इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं — सगळं कॉम्प्युटरवर केलंय, माग आम्ही कधी पाहिलाही नाही. आणि कसले ठोके? आमच्या गाण्यात ठोके नाहीत. तिच्या फोनवर मात्र येतात, माझ्याही. आमच्या शेडमध्ये कधी कुणी रेकॉर्डिंग केलं नव्हतं, एवढं मी खात्रीनं सांगते.

अंबुबाई म्हणते, ह्यांचा जीव अडकलाय, शांत करून घे. मला त्यातलं काही कळत नाही.

सीनूला मी एकदाच विचारलं, खोटं का बोललास. म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून." बरं वाटत होतं की. कुठं तरी त्या मागावर टॉवेल निघतायत म्हणून दोन घास जात होते. तो आवाज गाण्यात कुठून आला, हे कुणाला समजावून सांगता येत असेल तर जरूर सांगा. समजलं तरी माग कापलेलाच असणार.