प्लॅस्टिकमधला खंडोबा

प्लॅस्टिक नवलाचं होतं तेव्हाची गोष्ट. शिरूर-दौंड एसटीत शेजारच्या सीटवरचा पागोटेवाला गृहस्थ देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक घेऊन जेजुरीला निघाला होता. रोजच्या आंघोळीने देवाचा चेहरा झिजतोय, म्हणून त्याने तो भंडाऱ्यासकट प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळला होता. आंघोळ वरूनच.

“मग देवाला पाणी लागतच नाही की!” मी म्हणालो.

“पावसात तुमी छत्री घेता न्हवं? देवानंच का भिजावं?”

मी मांडीवरची छत्री सीटखाली सारली.

दौंड जवळ आल्यावर, जेजुरीत देव उघडाच हवा म्हणून, त्याने प्लॅस्टिक सोललं. भंडारा सगळा त्यालाच चिकटून आला. पिवळाधमक चेहरा नाकाडोळ्यांसकट प्लॅस्टिकवर, आणि टाकावर नुसती झिजलेली चांदी! मी हळहळलो. तो मात्र खुलला.

“बेस झालं! वाटणीत धाकटा भाऊ ह्याच देवासाठी अडून बसलाय. आता दोन झालं. कंचाबी घिऊ दे.”

मी घाईने दोन्हींना नमस्कार केला.